जयाच्या पाटीवरचं किटाळ

१

शुक्रवारी जयाची पाटी भरलेलीच राहिली.

बोरीवली पूर्वेला, नॅशनल पार्कच्या भिंतीच्या थोडं अलीकडे, 'श्रमसाफल्य' नावाची सोसायटी आहे. तिथली बहुतेक घरं कोकणातली. त्यांचे वडील-आजोबा परळच्या चाळीत राहून गिरणीत कामाला जायचे, तेव्हा जयाची सासू माहुलहून पाटी घेऊन त्या चाळीत यायची. पुढे चाळ पडली, माणसं बोरीवलीला आली आणि पाटी सासूकडून जयाकडे आली. गिऱ्हाईक मात्र सुटलं नाही. दोन-चार कोळणी मिळून एक टेम्पो करतात आणि बुधवारी, शुक्रवारी, रविवारी इकडे येतात. जया गेटच्या आत, झाडाच्या सावलीत बसते आणि एक लांब हाक देते. मग पाच मिनिटं तिला मान वर करायला फुरसत नसते.

त्या शुक्रवारी तिने तीनदा हाक दिली. कोणी आलं नाही. खिडक्यांत चेहरे दिसायचे आणि पडद्याआड जायचे. पापलेटं चमकत पडली होती, बर्फाचं पाणी होत होतं.

शेवटी तळमजल्यावरच्या जानकी परब बाहेर आल्या. जानकीताई दिंडोशीच्या कोर्टात स्टेनो होत्या. साक्षीदार जे बोलेल ते जसंच्या तसं उतरवायचं, आपल्या पदरचा एक शब्द घालायचा नाही, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. आता निवृत्त होत्या, पण सवय गेली नव्हती.

"काय गं, आज सगळे उपाशी आहेत की काय?"

"मना काय ठावं, बाय? वॉचमन बोलतो, माझ्या नावाचा मॅसेज फिरतोय."

जानकीताईंनी चष्मा लावून फोन उघडला. सोसायटीच्या ग्रुपवर सेक्रेटरी सुबोध राणे याने रात्रीच लिहिलं होतं : 'सावधान! माहुलच्या कोळणीची मासळी केमिकलयुक्त असून तिला रिफायनरीच्या तेलाचा विषारी वास येतो. दोन-तीन घरांत अनुभव. कोणीही घेऊ नये. तिला गेटबंदी करण्याबाबत रविवारी संध्याकाळी सभा.'

त्यांनी ते मोठ्याने वाचलं. जया पाटीमागून उठून उभी राहिली.

"मी मावरं भाऊच्या धक्क्यावरून उचलते, बाय. माहुलमध्ये मी फक्त झोपते. तिथल्या तेलाचा नि माझ्या पाटीचा संबंध काय?" मग तिचा आवाज चढला. "हे त्या हितेश शेठचं काम हाय! दुसऱ्या माळ्यावरचा. त्याला मासळीचा वास नको असतो."

"त्याने केलेलं तू पाहिलंस?"

"पाहायला कशाला पायजे? गेल्या वर्षी त्यानेच तक्रार केली होती."

"म्हणजे पाहिलं नाहीस. मग तुझ्यावर जे किटाळ आलंय, तसलंच तू त्याच्यावर घालते आहेस."

जयाने पाटीतलं बर्फाचं पाणी निथळून टाकलं. मग हळू म्हणाली, "हे गेट बंद झालं तर पुढच्या दोन सोसायट्या पण तोंड फिरवतील. टेम्पोतल्या बायका मला बाजूला बसवणार नाय. सासूने जपलेलं नाव हाय, बाय. माझ्या हातात येऊन बुडालं तर?"

"मी शोधते. पण एक लक्षात ठेव, खरं तुझ्याविरुद्ध निघालं तर तेही मी सभेत बोलणार."

"बोल ना. माझं मावरं खोटं निघालं तर मीच परत येणार नाय."

२

सुबोधने दार उघडलं तेव्हा त्याच्या हातात सभेची नोटीस होती. जानकीताईंना पाहून तो कसनुसं हसला.

"काकी, मला लोकांच्या तब्येतीची काळजी आहे. बाकी काही नाही."

"असायलाच हवी. मला फक्त एवढं सांग, तुला हे कोणी सांगितलं?"

"गंधालीने. म्हणाली, सावंतांकडच्या मासळीला तेलाचा वास आला."

"केमिकल म्हणाली?"

"तसं नाही... पण माहुल म्हटलं की रिफायनरी, रिफायनरी म्हटलं की..."

"म्हणजे केमिकल हा शब्द तुझा. आणि विषारी?"

सुबोधने मान खाजवली. "तो पण माझाच. साधं लिहिलं तर आपल्या ग्रुपवर कोण वाचतं, काकी? गुड मॉर्निंगच्या फुलांखाली जातं सगळं."

"दोन-तीन घरं कुठली?"

"सावंत. मेसेज टाकल्यावर लगेच अक्षताचा फोन आला की तिच्याकडे पण वास आला. आणि... तुम्ही पण बुधवारी घेतली होती ना?"

"घेतली. सावंतांनी घेतली त्याच सुरमईचा अर्धा भाग. जयाने माझ्यासमोर तिचे दोन भाग केले, एक मला, एक त्यांना. मी कालवण केलं आणि बोटं चाटून खाल्लं."

"पण तुम्ही तिच्या चाळीपासूनच्या गिऱ्हाईक. तुमचं म्हणणं कसं धरायचं?"

"बरोबर बोललास. नको धरूस," जानकीताई म्हणाल्या आणि उठल्या.

अक्षता तिसऱ्या मजल्यावर राहायची. ऑफिसचं काम घरून चालू होतं, एका कानात इअरफोन ठेवूनच ती बोलत होती.

"काकी, वास येतच होता! मी स्वतः घेतला."

"कधी?"

"काल. मेसेज वाचला आणि धावत जाऊन फ्रीज उघडला. उरलेले तुकडे होते. नाकाला लावले, तर हो, कसला तरी वास येत होता."

"आणि बुधवारी जेवलात तेव्हा?"

अक्षताने इअरफोन काढला. "बुधवारी... बुधवारी तर झकास लागली होती."

"म्हणजे आधी मेसेज, मग वास."

"अरे यार! आणि मी ते तुकडे फेकले ना!"

जिना उतरताना जानकीताईंच्या मनात हिशेब सोपा झाला होता. दोन-तीन घरं नव्हतीच. घर एकच होतं, सावंतांचं.

३

गंधाली सावंतांच्या वरच्या मजल्यावर राहायची. जानकीताईंनी विचारायच्या आधीच ती बोलायला लागली.

"मी काही खोटं नाही सांगितलं हां. समीक्षा सगळं कालवण कचऱ्यात ओतत होती. मी विचारलं, काय झालं गं? म्हणाली, कसला तरी वास येतोय. मी विचारलं, तेलाचा का? माहुलची आहे ना ती."

"आणि समीक्षा?"

"म्हणाली, असेल बाई."

"'असेल' म्हणाली, 'आहे' नाही."

"काय फरक पडतो, काकी?"

"जयाला विचार. ती बाहेर बसली आहे."

गंधालीचा चेहरा पडला. तिने दार लावलं नाही, पण आतही बोलावलं नाही.

सावंतांकडे समीक्षा भाजी निवडत होती. तिची सासू, दर्शना सावंत, सोफ्यावर ताठ बसून होत्या. दर्शना वहिनींच्या हातच्या कालवणाची सोसायटीत कीर्ती होती. बारशाला, हळदीला लोक त्यांना मसाला बघायला बोलवायचे.

"समीक्षा, घाबरू नकोस," जानकीताई म्हणाल्या. "बुधवारी काय झालं ते जसं झालं तसं सांग. तुला काय वाटतं ते नको."

"आमचा पाच दिवसांचा गणपती झाला. त्यानंतरची पहिलीच मासळी. श्रावण लागल्यापासून घरात काही आणलं नव्हतं. सर्वेश तर सकाळपासून वाट बघत होते."

"तुकडे धुताना वास आला?"

"नाही. ताजी होती, तुकडे चांगले घट्ट."

"मग?"

"थोडे तुकडे मी तव्यात तळले. पोरांनी गरम गरमच संपवले. बाकीच्यांचं आईंनी कालवण केलं, त्यांच्या मातीच्या तवलीत. सर्वेशनी पहिला घास घेतला आणि ताट सरकवलं. म्हणाले, हे काय घातलंय यात?"

"पोरांनी तक्रार केली?"

"छे! आणखी मागत होती."

जानकीताईंनी मनात जुळवून पाहिलं. एकाच माशाचे तुकडे. तळलेले चांगले, कालवणातले वाईट. मग दोष माशाचा कसा असेल?

"वहिनी, मसाला नेहमीचाच?"

"दुसरो खयसून येतलो?" दर्शना वहिनी एकदम उसळल्या. "माझ्या माहेरचो मसालो. नारळ ताजो. तिरफळां गावची. माका आता कालवण शिकवतलास?"

"शिकवायला नाही आले हो, शिकायला आले. तुम्ही चाखून बघितलंत?"

"मीठ बघितलंय. मीठ बरोबर होता." एवढं बोलून त्यांनी तोंड फिरवलं.

समीक्षा जानकीताईंना सोडायला दारापर्यंत आली आणि आवाज खाली आणून म्हणाली, "काकी, एक गोष्ट कोणालाच सांगितली नाही. कालवण उकळत होतं तेव्हा मी कोथिंबीर आणायला खाली गेले होते. दार उघडंच होतं. वर आले तर हितेशभाई आमच्या दारात उभे होते. आत वाकून बघत होते."

४

हितेश शहा समोरच्याच घरात राहायचा. तोंडावर कोणी काही बोलत नव्हतं, पण मेसेज फिरल्यापासून लिफ्टमध्ये तो आला की गप्पा थांबायच्या. त्याने चहा पुढे ठेवला आणि स्वतःच विषय काढला.

"काकी, तुम्ही पण मलाच विचारायला आलात ना? सांगा. मी मासळीत काय टाकलं?"

"मी तसं म्हटलं नाही. बुधवारी तू सावंतांच्या दारात होतास का?"

"होतो."

त्याने इतकं सरळ कबूल केलं की जानकीताईंनी कप खाली ठेवला.

"मला मासळीचा वास आवडत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. गेल्या वर्षी जिन्यावर पाणी सांडायचं म्हणून तक्रार केली. दुसऱ्या खेपेपासून जया जिन्यावर चढलीच नाही, खाली बसायला लागली. माझ्यापुरतं ते तिथेच मिटलं. पण लोकांच्या डोक्यात मिटत नाही ना!"

"मग दारात कशाला गेलास?"

"वास आला म्हणून."

"मासळीचा?"

"तो तर रोजचा, त्याला मी खिडकी लावतो. हा वेगळा होता. वाटलं, दर्शना काकी एकट्या आहेत, गॅसवर काही भलतंच जळतंय का बघावं. बाहेरूनच विचारलं, सगळं ठीक ना? म्हणाल्या, ठीक. मी परत आलो. त्यांनाच विचारा."

"कसला वेगळा?"

हितेश जरा लाजला. "हसाल तुम्ही."

"कोर्टात इतकी वर्षं काढली रे. साक्षीदाराला हसायचं नाही, ही पहिली शिस्त."

"माझ्या दादाजींची एक ट्रंक होती. थंडीचे कपडे असायचे तिच्यात. ती उघडली की घरभर जो वास सुटायचा ना, तो. कालवणातून ट्रंकेचा वास कसा येईल? म्हणून कोणाला बोललो नाही. आधीच माझ्यावर बोट, त्यात हे सांगितलं तर वेडा म्हणतील."

जानकीताई हसल्या नाहीत. त्यांनी चहा तसाच ठेवला आणि उठून उभ्या राहिल्या.

"हितेश, रविवारी सकाळी घरी राहा. तुझं नाक मला लागणार आहे."

५

रविवारी सकाळी सावंतांच्या स्वयंपाकघरात दाटी झाली. समीक्षा, तिचा नवरा सर्वेश, दर्शना वहिनी. गंधाली आणि सुबोध यांना जानकीताईंनी मुद्दाम बोलावलं होतं. हितेश उंबऱ्यापाशी थांबला होता.

"वहिनी, एक विचारते. श्रावणात तुमची तवली कुठे असते?"

"कित्याक?"

"सांगा तर."

"देवाच्या घरात मासळीचा भांडा डोळ्यांसमोर कसा ठेवतलंय?" दर्शना वहिनी म्हणाल्या. "चाळीत गॅलरीत टांगून ठेवायचंय. हंय गॅलरी नाय. तवो, तवली, सगळा माळ्यार जाता."

"माळ्यावर झुरळं असतील."

"म्हणान तर ट्रंकेत घातलंय. गोधड्यांच्या मधी, लुगड्यात गुंडाळून."

"आणि त्या ट्रंकेत गोधड्यांना कसर लागू नये म्हणून काय टाकता?"

दर्शना वहिनींनी माळ्याकडे पाहिलं. समीक्षाने तोंडावर हात ठेवला. "डांबरगोळ्या!"

"लगेच मान्य करू नका," जानकीताई म्हणाल्या. "सुबोध, या तवलीत साधं पाणी घाल. मासा नको, मसाला नको. ठेव गॅसवर."

पाणी तापलं. आधी काहीच नाही. मग उकळी फुटली, वाफ वर आली आणि सर्वेश मागे सरला.

"हाच! त्या दिवशीचा वास हाच!"

"दादाजींची ट्रंक," उंबऱ्यावरून हितेश म्हणाला.

गंधालीने पदर नाकाला लावला. सुबोध तवलीकडे असा बघत होता, जणू तिच्यातून जयाच बोलत होती.

"तवा लोखंडाचा," जानकीताई शांतपणे सांगत होत्या, लहान मुलांना समजावतात तशा. "घासला की स्वच्छ. मातीचं भांडं मात्र वास पिऊन बसतं. श्रावणभर ही तवली डांबरगोळ्यांच्या शेजारी होती. थंड असताना फारसं कळलं नाही, कालवण उकळलं तेव्हा सगळं त्यात उतरलं. म्हणून तळलेले तुकडे चांगले लागले. म्हणून माझ्या घरचा अर्धा मासा चांगला लागला."

"पण आई, तुम्हाला एवढा वास कसा आला नाही?" सर्वेशने विचारलं.

दर्शना वहिनी वाफेवर वाकल्या. लांब श्वास घेतला. पुन्हा घेतला. मग सरळ झाल्या.

"माका आत्ता पण येणा नाय," त्या म्हणाल्या. "करोनात माझ्या नाकाचो वास गेलो, तो परत इलोच नाय. कोणाक सांगूक नाय. हातान मसालो घालतंय, सवयीन. वास नसलेल्या बाईच्या हातचा कालवण कोण खातलो?"

समीक्षाने सासूचा हात धरला आणि जानकीताईंकडे वळली.

"काकी, सभेत हे नका सांगू ना. एवढंच म्हणा की मासळी चांगली होती."

"एवढंच म्हटलं, तर लोक विचारतील की मग वास कुठून आला? उत्तर नसलं की शंका परत जयाच्याच पाटीत जाऊन बसते."

"आणि सांगितलं तर आईंचं नाव जाईल!"

दर्शना वहिनी आतल्या खोलीत गेल्या आणि दार लावून घेतलं.

६

सभा खाली पार्किंगमध्ये होती. जया गेटबाहेर उभी होती, कारण निर्णय होईपर्यंत तिला आत घ्यायचं नाही असं ठरलं होतं. जानकीताई बोलायला उठल्या. पहिलं वाक्य कसं करावं हे त्यांना अजूनही सुचलं नव्हतं. इतक्यात लिफ्टचं दार उघडलं.

दर्शना वहिनी बाहेर आल्या. ठेवणीतलं लुगडं नेसलेल्या, हातात ती तवली.

"त्या पोरीक आधी आत घेवा," त्या वॉचमनला म्हणाल्या. जया आत आली. मग वहिनींनी तवली टेबलावर ठेवली आणि सगळं सांगितलं. ट्रंक, डांबरगोळ्या, आणि आपलं नाकही.

"चूक माझ्या घरातली. बोल मात्र तिका लागलो. माझा नाव मोठा म्हणान तिचा लहान करूचा, ह्या माझ्याच्यान जमाचा नाय."

मागच्या खुर्च्यांतून कोणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. मग पहिल्या मजल्यावरची एक सूनबाई म्हणाली, "काकू, आमची पण तवली माळ्यावर असते." दुसरी म्हणाली, "आमची पण! डांबरगोळ्या घातल्यात की नाही, बघायला पाहिजे." बघता बघता सभेत तवल्यांचीच चर्चा सुरू झाली.

सुबोध उभा राहिला. "मी ग्रुपवर माफीचा मेसेज टाकतो. आत्ताच."

"टाक," जानकीताई म्हणाल्या. "पण ग्रुपच्या बाहेर हे कुठे कुठे गेलंय?"

गंधालीने हळूच हात वर केला. "मी माझ्या बहिणीला सांगितलं. पुढच्या सोसायटीत असते."

"मग तिच्या घरी जा आणि समोर बसून सांग. तू 'कसला तरी' चं 'तेल' केलंस, सुबोधने तेलाचं 'विष' केलं. एकेक शब्द तुम्ही जसा चढवलात, तसाच उतरवायचा आहे. फोनवर तो नीट उतरत नाही."

"मी पण येतो, गंधाली," सुबोध म्हणाला.

जया या सगळ्यात न बसता हितेशच्या खुर्चीपाशी गेली. "शेठ, मी पण तुझं नाव घेतलं होतं. न बघता."

"मला कळलं होतं."

"मग ओरडला का नाय?"

"तू जिन्यावर पाणी सांडायचीस तेव्हा ओरडून झालं ना! आता शिल्लक नाही." तो हसला. "आणि शेठ काय गं? शेठ असतो तर भाड्याच्या घरात राहिलो असतो?"

पुढच्या बुधवारी जयाने हाक दिली आणि जवळजवळ सगळी सोसायटी खाली आली. सुबोध आला, गंधाली आली, अक्षता दोन पिशव्या घेऊन आली. पण सगळे खाली मान घालून उभे होते. जया जो भाव सांगेल तो देत होते. कोणी माशाचे कल्ले उघडून बघेना, कोणी "कमी कर" म्हणेना. पाटी भराभर रिकामी होत होती आणि जयाचा चेहरा मात्र उतरत चालला होता.

"काय रे हे?" शेवटी ती कडाडली. "मयताला आलाय का सगळे? मी उपकाराचं गिऱ्हाईक नाय घेत!"

जिन्यावरून दर्शना वहिनी सावकाश उतरल्या, समीक्षाला बरोबर घेऊन. गर्दीतून वाट काढत पुढे आल्या. एक बांगडा उचलून त्यांनी सुनेच्या नाकापाशी धरला.

"बघ गो. कसो आसा?"

समीक्षाने वास घेतला. "एकदम ताजा, आई."

दर्शना वहिनींनी बांगडा पाटीत आपटला आणि कमरेवर हात ठेवला.

"ताजो आसा म्हणान काय झाला? ह्या भावान काय होडी पण देतंस? अर्ध्यान लाव, नायतर मी चललंय!"

जयाने डोळे पुसले आणि पदर खोचला.

"अर्ध्याने? तुझ्या गावच्या विहिरीत पोवतात का बांगडे, म्हातारे? चल नीघ, माझा धंदा खराब करू नको!"

दर्शना वहिनी हलल्या नाहीत. त्यांनी पदराने वारा घेतला, पाटीसमोर ऐसपैस मांडी घातली आणि दुसरा बांगडा उचलला.